फक्त कॉलिंगवाला रिचार्ज: सासूबाईंच्या बटनाच्या फोनवर वापरला, घ्यावा का नाही ते सांगते

पॅक चांगलाय, घ्या. पण पूर्ण मार्क देणार नाही. मार्क कापायचं कारण रेंज नाही अन महागाईबी नाही, वेगळंच आहे, ते खाली येतंय. हा रिव्ह्यू आहे त्या रिचार्जचा ज्यात नेट नसतं, नुसतं बोलणं अन मेसेज. जानेवारी २०२५ पासून सगळ्या कंपन्यांनी काढलाय, पण आमच्याकडं अजून लय जणांना माहितीच नाही, कारण त्याची जाहिरात कुणी करत नाही, टीव्हीवर नाही अन दुकानाच्या बोर्डावर तर नाहीच. बोर्डावर सगळे रोज दीड जीबी, रोज दोन जीबी, वरून कसलंतरी ओटीटी फुकट. बटनाच्या फोनवर ओटीटी कुठं बघायचं ते त्यांनाच माहिती.

आम्ही किल्लेधारूर भागातले, बालाघाटचा डोंगर, म्हणजे कुठं चार काड्या तर कुठं एक पण नाही. धाकटे दीर अन जाऊबाई दरसाल ऊसतोडीला जातात, लेकरं मागं आमच्याकडं राहतात त्यांच्या आजीजवळ. टच मोबाईल घेऊन दीर कारखान्यावर, माझा मोबाईल माझ्यासोबत कामावर, म्हणजे दिवसभर घरात जो फोन असतो तो सासूबाईंचा बटनाचा. शाळेतून बाईंचा फोन आला, लेकराला ताप आला, मुकादमाचा, म्हणजे ऊसतोडीच्या ठेकेदाराचा, निरोप आला, सगळं त्याच फोनवर. आणि रात्री कोपीवरून, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवरून, फोन आला की लेकरं भांडतात आधी कोण बोलणार म्हणून. त्या फोनला रोजचं दीड जीबी नेट काय कामाचं होतं? तरी आम्ही कित्येक दिवस नेटचे पैसे भरतच होतो, कारण दुसरा पर्यायच नव्हता. पॅक संपला की आधी आउटगोइंग बंद, मंग काही दिवसांनी इनकमिंग पण बंद, म्हणून भरा गपचूप.

आता हे आलं कुठून ते थोडक्यात. ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, २३ डिसेंबर २०२४ ला ग्राहक संरक्षणाच्या नियमात बदल केला की प्रत्येक कंपनीनं निदान एक तरी रिचार्ज असा ठेवायचा ज्यात फक्त कॉल अन एसएमएस असेल. आधी असल्या स्पेशल व्हाउचरची मुदत ९० दिवसांच्या वर देता येत नव्हती, ती पण ३६५ दिवसांपर्यंत वाढवून दिली. देशात अजून १५ कोटींच्या आसपास लोक साधा फोन वापरतात, त्यात म्हातारी माणसं, खेड्यातले लोक, दोन सिमवाले ज्यांना एक सिम नुसतं चालू ठेवायचंय, ह्या सगळ्यांनी न वापरलेल्या नेटचे पैसे का द्यायचे असा साधा प्रश्न होता. उत्तर यायला एवढी वर्षं लागली ते सोडा.

गंमत बघा, नियम आला अन कंपन्यांनी पहिल्यांदा काढलेले रेट असे होते की लोक म्हणायले ह्यात आमचं वाचलं काय? एअरटेलचा ८४ दिवसांचा ४९९ ला अन वर्षाचा १९५९ ला. मंग बोंबाबोंब झाली, ट्रायनं पण रेट तपासून बघू म्हणून सांगितलं, अन थोड्याच दिवसांत एअरटेलनं ते ४६९ अन १८४९ केले, जिओनं ४५८ चा ४४८ केला अन १९५८ चा वर्षाचा काढून ३३६ दिवसांचा १७४८ ला ठेवला, व्हीआयनं, म्हणजे व्होडाफोन-आयडियानं, ४७० चा ८४ दिवसांचा आणला. बीएसएनएलचा ४३९ ला ९० दिवसांचा. हे त्या वेळचे रेट, रेट काय बदलत राहतात, घ्यायच्या आधी दुकानात विचारून घ्या.

आता हिशोब करू, कारण मला हिशोब केल्याशिवाय झोप येत नाही. एअरटेलचा हाच ८४ दिवसांचा पॅक आधी ६ जीबी नेटसकट ५०९ ला मिळायचा. नेट काढून घेतलं अन कमी किती केले, ४० रुपये. म्हणजे ६ जीबी नेटची किंमत त्यांच्याच हिशोबानं ४० रुपये, अन सुटं नेट घ्यायला गेलं तर त्या पैशात किती देतात ते तुम्हीच बघा. सगळा पैसा बोलण्याचाच लावलाय त्यांनी, जे बोलणं जाहिरातीत अनलिमिटेड अन फ्री म्हणून सांगतात. २८ दिवसांचा सगळ्यात खालचा पॅक जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओचा १८९ अन एअरटेलचा १९९ होता, २ जीबी नेटसकट. तो तीनदा मारला तर ८४ दिवसांचे जिओला ५६७ अन एअरटेलला ५९७ होतात. म्हणजे दर २८ दिवसाला भरणाऱ्याचे कॉलिंगवाल्यात शंभर-सव्वाशे वाचतात ८४ दिवसामागं. कमी नाही ते, तेवढ्यात गोडेतेलाचं पाकीट येतं.

आणि अजून एक. ८४ दिवसांचा चारदा मारला की ३३६ दिवस होतात, वर्षाला २९ दिवस कमीच. एअरटेलचा ४६९ चा चारदा मारला तर १८७६ जातात, अन वर्षाचा १८४९ ला पूर्ण ३६५ दिवस आहे. वर्षाचाच परवडतो, डोळे झाकून. जिओत मात्र तसा फायदा नाही, चारदा ४४८ म्हणजे १७९२ अन एकदम घेतला तर १७४८, दिवस तेवढेच, ४४ रुपयांसाठी एकदम एवढे गुंतवायचे का ते ज्याचं त्यानं बघावं.

आता मार्क का कापले ते.

एकदम साडेचारशे रुपये. खाजगी कंपन्यांत हा सगळ्यात खालचा आकडा होता फक्त बोलण्यासाठी. किराणा दुकानात पाव किलो साखर मिळते, दहा रुपयांचं तेल मिळतं, शाम्पूची पुडी मिळते, कारण ज्याच्या हातात रोजचे पैसे येतात तो रोजचंच घेतो. पण नेट नको असलेल्या माणसाला मोठ्या खाजगी कंपन्यांनी ८४ दिवसांच्या खाली काही दिलंच नाही तेव्हा. नियमात लिहिलंय निदान एक पॅक द्या, किती दिवसांचा द्या ते लिहिलं नाही, मंग त्यांनी लांबचेच दिले. बीएसएनएलचा ९९ चा छोटा होता तो पंधरवड्याच्या आसपास जायचा, पण रेंज असेल तिथं. म्हणजे झालं कसं, ज्याच्याकडं एकरकमी पैसे आहेत त्याला बोलणं रोजचं पाच रुपयाला पडतं अन ज्याच्याकडं नाहीत तो त्याच बोलण्याला रोजचे पावणेसात-सात रुपये देतो, वरून न लागणारं २ जीबी नेट घेऊन. आमच्या शेजारच्या मावशी, एकट्या राहतात, निराधारची पगार येते तिच्यावर घर, त्यांना एकदा साडेचारशे काढ म्हणलं तर त्या कसं काढणार? त्या २८ दिवसांचाच मारतात, दोन-चार दिवस फोन बंद ठेवून मारतात, अन त्या दोन-चार दिवसांत लेकीचा फोन लागत नाही. शंभर-सव्वाशेला २८ किंवा ३० दिवसांचा, नुसतं बोलणं, एवढंच पाहिजे होतं. ट्रायनं २०२२ ला ३० दिवसांचा अन दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा पॅक ठेवा म्हणून कंपन्यांना लावलंच होतं ना, मंग बोलण्याच्या पॅकला का नाही लावत?

ऊसतोडीच्या घरांना मात्र वर्षाचा पॅक बरा बसतो, हे आम्हाला वापरून कळलं. उचल, म्हणजे मुकादमाकडून कामाचे आगाऊ पैसे, दसऱ्याच्या मागं-पुढं हातात येते, तेव्हाच पैसे असतात, नंतर पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, अंगावरच चालतं सगळं. उचलीतून पहिलं किराणा, लेकरांचे कपडे अन हा रिचार्ज टाकून जा. मुकादमाच्या मागं फिरून रिचार्जला दोनशे मागायची वेळ येत नाही. आमचे दीर आता असंच करतात, स्वतःच्या मोबाईलचा महिन्याचा मारतात पण आईचा वर्षाचा भरूनच गाडीत बसतात.

आता घेताना काय होतं ते सांगते. कंपनीचं नाव घेत नाही, पण ॲप उघडलं तर वरती सगळे नेटवाले, मंग क्रिकेटवाले, मंग परदेशात जायचे, आमच्याकडून कोण रोज दुबईला चाललंय देव जाणे, अन सगळ्यात खाली कुठंतरी हा पॅक. सर्चमध्ये नुसता आकडा टाकला की लगेच येतो, म्हणून आकडा आधी माहिती पाहिजे. दुकानदार भाऊ स्वतःहून सांगत नाही, विचारलं की म्हणतो आहे वहिनी पण त्यात नेट नाही बरं का, जशी काही मी फसवली जातेय. नकोच आहे नेट भाऊ, म्हणून तर आले.

एक काळजी घ्या. हा पॅक चुकून टच मोबाईलवर मारला अन मोबाईलमध्ये नेट चालू राहिलं तर मेन बॅलन्स असल्यास त्यातून कटू शकतं, म्हणून मोबाईल डेटा बंद करून ठेवा. दुसरं, जुना टू-जी बटनाचा फोन असेल तर त्यात जिओचं सिम चालत नाही, जिओकडं टू-जी नाहीच, त्याला फोर-जीवाला बटनाचा फोन लागतो. स्वस्त रिचार्ज दिसला म्हणून पोर्ट करून, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलून, आले अन फोनच चालेना असं आमच्या पाहुण्यांत झालंय. पोर्ट करायचं असेल तर १९०० ला मेसेज करून कोड मागवायचा, तो चार दिवस चालतो, पण त्याआधी घराच्या मागच्या खोलीत, गोठ्यात, शेतात सगळीकडं त्या कंपनीचं एखाद्याचं सिम टाकून बघा. आमच्याकडं एका टेकडीनं फरक पडतो.

रिचार्ज संपला तर नंबर लगेच जातो का, हे लय जण विचारतात. नाही जात. ९० दिवस काहीच वापर नाही झाला, ना कॉल ना मेसेज, तरच कंपनी नंबर बंद करू शकते, अन त्यातही बॅलन्समध्ये २० रुपये पडून असतील तर ते कापून नंबर पुढं चालू ठेवायचा, हा नियम २०१३ पासूनचा आहे. मध्ये व्हॉट्सॲपवर फिरत होतं की ट्रायनं आता नवीन २० रुपयांचा नियम आणला, सिम चार महिने फुकट चालणार वगैरे, ते अर्धवट होतं. नियम जुनाच, अन त्यानं नंबर तुमच्या नावावर राहतो, अनलिमिटेड बोलणं मिळत नाही. पण त्या २० रुपयांची किंमत समजून घ्या. तोच नंबर आधारला, बँकेला, रेशनला जोडलेला असतो. नंबर गेला अन काही महिन्यांनी कंपनीनं दुसऱ्याला दिला तर तुमच्या बँकेचे ओटीपी त्याच्या फोनवर. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडक्या बहिणीची केवायसी निघाली तेव्हा ओटीपीसाठी बायका बंद पडलेले नंबर चालू करून घ्यायला दुकानाच्या दारात उभ्या होत्या.

जुन्या लोकांना आठवत असेल, २००३ पर्यंत तर इनकमिंगला पण पैसे लागायचे. मंग मध्ये काही वर्षं लय भारी गेली, लाइफटाइम सिम, दहा रुपयांचं छोटं रिचार्ज, मिस कॉल देऊन सगळं जग चालायचं. २०१८ च्या शेवटी ३५ रुपयांचा मिनिमम रिचार्ज आला तेव्हा लोकांना वाटलं पस्तीसच तर आहेत. तिथून सहा वर्षांत २८ दिवसांचे १९९ झाले. दहाचं टॉपअप नियमानं आजही ठेवावंच लागतं कंपनीला, पण व्हॅलिडिटी नसेल तर ते टाकून काय करता.

नेट नसताना बटनाच्या फोनवर काय काय होतं तेही सांगते, कारण नेट नाही म्हणजे काहीच नाही असं नसतं. *९९# लावून बँकेचा बॅलन्स बघता येतो, पैसे पाठवता येतात, त्याला नेट लागत नाही अन ट्रायनं २०२२ मध्ये त्याचं शुल्कही शून्य केलंय. यूपीआय १२३पे ही पैसे पाठवायची सोय पण बटनाच्या फोनसाठीच काढलीय रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२ मध्ये. सासूबाई दोन्ही वापरत नाहीत, पैसे हातात मोजूनच बघायचे हा त्यांचा नियम, पण नातवानं एकदा *९९# लावून खात्यात किती आहेत ते दाखवलं तेव्हा म्हणल्या, बँकेत जायचं गाडीभाडं वाचलं की रे.

जे होत नाही ते मोठंय मात्र. ई-पीक पाहणी टच मोबाईलशिवाय नाही, शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. लेकरांचा अभ्यास व्हॉट्सॲपवर येतो. म्हणून घरात एक तरी नेट लागतंच, आणि बोलण्याचा पॅक घेतला म्हणून तो खर्च सुटत नाही. आमच्याकडं त्यासाठी फायबर, म्हणजे तारेनं घरात येणारं नेट, घेतलंय, त्याचाही थोडा रिव्ह्यू इथंच देते, वेगळा लिहायचा कंटाळा.

फायबर वापरायला मिळालं तर मोबाईलच्या नेटपेक्षा खूप स्वस्त पडतं, चार माणसांच्या घरात तर प्रश्नच नाही. पण ३९९ म्हणून सांगतात अन बिल ४७१ चं येतं, कारण १८ टक्के जीएसटी वरून. मोबाईलच्या रिचार्जमध्ये टॅक्स आतच धरलेला असतो म्हणून आपल्याला सवय नाही. लाइट गेली की मोडेम बंद, अन आमच्याकडं लाइट जातेच, जुन्या तांब्याच्या लँडलाइनला एक्स्चेंजमधून करंट यायचा म्हणून ती अंधारात पण वाजायची, फायबरवरचा फोन तसा नाही. मोडेमला लावायचा छोटा यूपीएस मिळतो, तो घेतला तर दोन-तीन तास निघतात. आणि रस्त्याचं काम निघालं की जेसीबी पहिल्यांदा फायबरच तोडतो. एकदा आमची लाइन तुटली तर कंपनीवाले म्हणायले उद्या येतो, उद्या येतो. मंग मी १९८ ला तक्रार टाकून तक्रार नंबर घेतला, तेव्हा माणूस आला. ट्रायच्या २०२४ च्या नियमानं लाइन तीन दिवसांत दुरुस्त झाली नाही तर भाड्यात सूट द्यावी लागते, पण ते मागायचं असेल तर तक्रारीची तारीख लागते, लाइनमनला व्हॉट्सॲप केलेलं त्यात धरत नाहीत.

ग्रामपंचायतीपर्यंत सरकारी फायबर भारतनेटनं आणलीय हे खरं आहे, २०११ पासून चाललंय ते, नाव तेव्हा वेगळं होतं, अन ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच्या पुढच्या टप्प्याला १ लाख ३९ हजार कोटींच्या वर मंजूर झालेत. ह्या असल्या कामांसाठी एक निधी आहे, २००२ पासून कंपन्यांच्या कमाईतून ५ टक्के कापून जमा होतो, आता त्याचं नाव डिजिटल भारत निधी. तो पैसा टॉवरला जातो, फायबरला जातो, गरज आहे त्याची, आमच्या डोंगरात तर आहेच. पण गरिबाच्या रिचार्जला त्यातून रुपया सुटत नाही. अमेरिकेत १९८५ पासून लाइफलाइन नावाची योजना आहे, कमी कमाईच्या घराच्या फोनबिलात दर महिन्याला सूट, सध्या सव्वानऊ डॉलर. तिथं बिल कमी करतात, इथं टॉवर उभा करतात, अन टॉवरखाली राहणाऱ्या मावशीचा फोन महिन्याच्या शेवटी बंद.

पीएम-वाणी ही सरकारची सार्वजनिक वाय-फायची योजना पण आहे, डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली, चहावाला किंवा किराणावाला लायसन न काढता वाय-फाय विकू शकतो, पाच-दहा रुपयांच्या कूपनवर. कल्पना मला तर लय आवडते, हीच ती पुडी. पण दुकानदाराला नेट घरगुती रेटनं मिळायचं नाही, महागडी लीज्ड लाइन, म्हणजे धंद्यासाठीची वेगळी लाइन, घे म्हणायचे, मंग तो विकणार काय. जून २०२५ मध्ये ट्रायनं सांगितलंय की २०० एमबीपीएस स्पीडपर्यंतच्या प्लॅनला घरगुती रेटच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येणार नाही. आमच्या स्टँडवर अजून तरी कुणी लावलेलं दिसलं नाही, लागलं की त्याचा रिव्ह्यू टाकते.

तर फक्त कॉलिंगवाला वर्षाचा पॅक, पाचपैकी चार. ८४ दिवसांचा तीन. फायबर घ्यायची असेल तर सही करायच्या आधी केबलवाल्याला तीनच गोष्टी विचारा, जीएसटी धरून महिन्याला किती, मोडेम आमचा का तुमचा, अन सोडून दिलं तर डिपॉझिट किती दिवसांत परत. तिसऱ्याचं उत्तर लिहून घ्या.